म्हाइंभटांचा हरवलेला ग्रंथ
(ज्युबिली समारंभात वाचलेले भाषण)



ज्युबिली-समितीने आम्हांवर जे काम सोपविले होते, ते आम्ही पार पाडू शकलो नाही, हे आरंभीच कबूल करणे बरे. 'आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगा,' अशी समितीची आज्ञा होती. त्याप्रमाणे आम्ही बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या जुन्या वह्या काढल्या, त्यांवरील धूळ झटकली आणि पानन्‌पान पाहिले. त्यांत मुलाचे नाव आहे, आईबापांची नावे आहेत, धर्ममातापित्यांची नावे आहेत, तारीख आहे आणि खाली धर्मगुरूंची सही आहे. परंतु ते धर्मगुरू भर पावसात नाला ओलांडून कसे आले, कोणाच्या ओसरीवर त्यांनी मिसा अर्पण केली, पहिल्या प्रार्थनेस किती जण बसले आणि किती जण कुडाआडून नुसते पाहत राहिले, यांतील एकही गोष्ट वहीत नाही. ती वहीत असावयाची नव्हेच. ती माणसांच्या मनात होती.

अशा माणसांपैकी एक आपले वृद्ध धर्मशिक्षक. पोडापोडांतून पायी हिंडलेला तो मनुष्य आम्हांस अनेकदा म्हणाला होता, 'एकदा सवडीने येऊन बसा, सांगण्यासारखे पुष्कळ आहे.' आम्ही दर वेळी म्हटले, 'कापसाची वेचणी आटोपू द्या.' वेचण्या आल्या आणि गेल्या. एके वर्षी वेचणी सुरू होण्यापूर्वीच आम्ही त्यांच्या मातीस गेलो. यात दोष दुसऱ्या कोणाचाही नाही, आमचा आहे. आणि तो मनातून जात नाही, म्हणूनच आज धर्मग्रामाच्या इतिहासाऐवजी आम्ही एका अशा पुरुषाची हकीकत आपणांस सांगणार आहो की, ज्याने ही चूक केली नाही.

हा पुरुष म्हणजे म्हाइंभट. त्यांनी आपला ग्रंथ आपल्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे, सातशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिला. ते महानुभाव पंथाचे होते. त्या पंथाच्या सिद्धांतांविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही आणि आजचे ते निमित्तही नव्हे. परंतु ऐकिवातील आणि पाहिलेल्या गोष्टींचा भेद जाणून, दारोदार जाऊन, एका जीवनाची साक्ष त्यांनी कशी गोळा केली, हे ख्रिस्ती मनुष्याने अवश्य ऐकावे. आपल्या संत लूकनेही शुभवर्तमानाच्या आरंभी हेच म्हटले आहे की, प्रारंभापासून जे प्रत्यक्ष पाहणारे होते त्यांच्याकडून आलेले वृत्त आपण नीट शोध करून क्रमाने लिहीत आहो. लूक स्वतः त्या पाहणाऱ्यांपैकी नव्हता. म्हाइंभटही, पुष्कळ अंशी, नव्हते.

म्हाइंभट हे मूळचे सराळे गावचे. घरी पैसा होता आणि डोक्यात विद्या होती. गणपत आपयो नावाच्या पंडितापाशी ते शिकले. परंपरेत असे सांगतात की, विद्येचा त्यांना इतका ताठा होता की ते दिवसा दिवटी पेटवून चालत आणि पायात गवताची बाहुली बांधीत. मजशी वाद करील असा कोणी उरला असेल तर त्याने पुढे यावे, असा त्याचा अर्थ. अशा थाटात ते गोदावरीकाठी डोमेग्राम येथे श्रीचक्रधरांना भेटले. चक्रधर मूळचे गुजरातेतील भडोचचे. परंतु महाराष्ट्रात पायी हिंडून, लोकांच्याच मराठीत ते बोलत आणि शिकवीत. वाद जिंकावयास आलेल्या पंडिताची दिवटी तेथे विझली, एवढेच आपण म्हणू. पुढे घरदार आणि संपत्ती मागे टाकून म्हाइंभट या मंडळींत सामील झाले.

परंतु चक्रधरांचा सहवास त्यांना फार थोडा लाभला. 1274 च्या सुमारास चक्रधर आपल्या शिष्यांतून निघून गेले. मागे राहिलेली मंडळी त्यांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याबरोबर ऋद्धिपुरास येऊन राहिली, कारण चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू तेथे होते. नागदेवाचार्यांस हे लोक प्रेमाने भटोबास म्हणत. आता प्रसंग असा घडला : नागदेव नित्य एकांती बसून मनाशी काही घोकीत असत. म्हाइंभटांनी विचारले की, आपण सतत कशाचे चिंतन करता? नागदेव म्हणाले, स्वामींच्या लीळांचे. त्यांनी काय केले, काय बोलले, त्याचे. तेव्हा म्हाइंभटांच्या मनात जो विचार आला तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी आलेला असतो, आणि आपण तो बाजूस सारलेला असतो. आज ही मंडळी जिवंत आहेत. ती गेली म्हणजे पुढच्यांनी काय करावे? म्हाइंभटांनी तो बाजूस सारला नाही. त्यांनी सर्व लीळा लिहून काढण्याची अनुज्ञा मागितली आणि त्याच कामास लागले. यातूनच 'लीळाचरित्र' हा ग्रंथ झाला. मराठी गद्यातील पहिला मोठा ग्रंथ म्हणून विद्वान याकडे बोट दाखवितात. त्याचा काळ साधारणतः 1278 असा देतात. काही अभ्यासक त्यापुढील काही वर्षे धरतात.

त्यांच्या कामाची पद्धत थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. चक्रधरांबरोबर राहिलेले स्त्रीपुरुष तेव्हा ठिकठिकाणी विखुरलेले होते. कोणी ऋद्धिपुरात होते, कोणी गोदावरीकाठी, कोणी आपापल्या घरी शेतीत गुंतलेले. ज्याला एखादा प्रसंग ठाऊक, त्याच्या दाराशी म्हाइंभट स्वतः जात. असेही सांगतात की, शेतात राबणाऱ्या मनुष्यास हात थांबविण्याची सवड नसली, तर ते त्याच्या औतामागून चालत आणि चालता चालता ऐकून घेत. दिवसा दिवटी लावून मिरविणारा हाच तो पंडित, हे ध्यानात घ्या. गोळा केलेले सर्व नागदेवांपुढे ठेवले जाई आणि नागदेव ते तपासून पाहत. म्हणजे ऐकणारा वेगळा, पाहिलेला वेगळा, आणि तिसरा, ज्याने अधिक जवळून पाहिले होते, तो पारखणारा. आमच्या अल्प समजुतीप्रमाणे इतिहास लिहिण्याची याहून चांगली रीत आजतागायत निघालेली नाही.

म्हणूनच त्या ग्रंथात केवळ थोर उपदेश आढळत नाहीत. कोणत्या गावी कोणत्या देवळात मुक्काम पडला, देवळाच्या कोणत्या दिशेस बिऱ्हाड होते, भिक्षेत काय मिळाले, कोणाला ताप आला, कोण कोणावर रुसले, अशा शेकडो लहानसहान गोष्टी त्यात जशाच्या तशा आहेत. बाइसा रागावते, महदाइसा प्रश्नावर प्रश्न विचारते, कोणी वेड्यासारखे काही बोलतो आणि सर्व हसतात. शोभा आणण्याकरिता काही गाळलेले नाही. त्या काळच्या महाराष्ट्रात लोक काय खात, काय नेसत, कशाला भीत, हे ज्यांना जाणावयाचे असते ते विद्वान आजही राजांच्या ताम्रपटांपेक्षा याच ग्रंथाकडे अधिक वळतात. पुढे गोविंदप्रभूंचेही चरित्र म्हाइंभटांनी याच रीतीने लिहिले. ते वऱ्हाडातील असल्यामुळे आपल्याकडील बोलण्याचालण्याचा वास त्याला विशेष आहे.

भाषेविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. याच मंडळींत केशिराज नावाचे मोठे संस्कृत पंडित होते, त्यांना केसोबास म्हणत. त्यांचा हात संस्कृत रचनेकडे वळत असे. नागदेवांनी त्यांस आवरले. त्यांच्या म्हणण्याचा भाव असा होता की, तुम्ही संस्कृतात लिहाल तर माझ्या या म्हाताऱ्या बाया सर्वस्वास मुकतील. विद्वानांच्या सभेत मान मिळण्याची सोय सोडून एका गुरूने म्हाताऱ्यांची सोय पाहिली. या म्हाताऱ्या लक्षात ठेवा. त्यांच्याकडे परत यावयाचे आहे.

ग्रंथ पुरा झाला, आणि पुढे तो हरवला.

1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. 1307 मध्ये मलिक काफूरची स्वारी झाली. पुढील काही वर्षांत यादवांचे राज्य बुडाले. फौजांच्या धामधुमीत ज्याला जिकडे वाट फुटली तिकडे तो पळाला. पोथ्या सांभाळणारे साधूही पळाले. त्या पळापळीत म्हाइंभटांची मूळ पोथी गेली. ती कोणाच्या हाती पडली, जळाली की नदीत गेली, हे सांगणारे कोणी उरले नाही. इतक्या दारांशी जाऊन, इतक्या औतांमागून चालून जमविलेले सर्व धन एका धाडीत संपले, असे त्या वेळी कोणासही वाटले असते.

परंतु ते संपले नव्हते. हिराइसा नावाची एक तपस्विनी त्या मंडळींत होती आणि तिने लीळाचरित्र तोंडपाठ केलेले होते. तिच्या स्मरणातून ते पुन्हा उतरले. इतरही काही जणांनी जे जे पाठ होते ते सांगितले, आणि त्यांतून ग्रंथाचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. त्यांपैकी एकास आजही हिराइसेचाच पाठ म्हणतात. जेथे दोघांचे स्मरण जुळले नाही तेथे पुढील लेखकांनी एकाला खरे व दुसऱ्याला खोटे ठरवून फेकले नाही. अमुकाच्या सांगण्याप्रमाणे असे आहे, दुसऱ्याच्या सांगण्याप्रमाणे तसे, अशी नोंद करून ठेवली. अशा पाठभेदास ते 'वासना' म्हणत. नागदेवांनी ज्यांच्याकरिता भाषा मराठी ठेवविली त्या बायांपैकीच एकीने तो ग्रंथ महाराष्ट्रास परत दिला. संस्कृतात असता तर तो तिला पाठ झाला असता काय, हा प्रश्न आम्ही आपणांवरच सोपवितो.

पुढे या पोथ्या सांकेतिक लिपींत लिहिल्या जाऊ लागल्या. सकळ लिपी ही त्यांतील प्रमुख. त्यामुळे कैक शतके मठांबाहेर त्या कोणासच वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकात किल्ली हाती लागली, तेव्हा या कामात विदर्भच पुढे होता. आपल्या यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनी 1925 मध्ये 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नागपूरचे हरि नारायण नेने यांनी 1936 पासून लीळाचरित्र छापण्यास आरंभ केला. विष्णु भिकाजी कोलते यांची मोठी आवृत्ती 1978 मध्ये निघाली. 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने ऋद्धिपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याचे घोषित केले आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जाकरिता जे जुने ग्रंथ पुढे करण्यात येतात, त्यांत लीळाचरित्र असतेच. एका बाईचे पाठांतर इतक्या दूरवर आले.

आता आपणांपैकी कोणी म्हणेल की, ही आपल्या देशाची पाठांतराची जुनी सवय; इतरत्र असे होत नाही. म्हणून आम्ही क्षणभर आपणांस येथून फार दूर नेतो. कॉकेशस पर्वताजवळ आर्मेनिया नावाचा देश आहे. चौथ्या शतकाच्या आरंभीच तेथील राजा तिरिदातेस व प्रजा यांनी संत ग्रेगोरीच्या उपदेशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 405 च्या सुमारास संत मेस्रोप माश्तोत्स यांनी त्या लोकांच्या भाषेकरिता स्वतंत्र अक्षरे तयार केली, कारण पवित्र शास्त्र लोकांना ऐकावयाचे तर ते त्यांच्याच बोलीत हवे. या देशाचे व्यापारी पुढे आपल्या सुरतेत आणि मुंबईतही येऊन राहिले. मुंबईच्या कोटात त्यांचे संत पेत्राचे देऊळ 1796 सालचे आहे.

म्हाइंभटांच्याच शतकात या आर्मेनियात वनाकान नावाचे एक गुरू होऊन गेले. त्यांचा काळ 1181 ते 1251. खोरानाशात येथे त्यांचा मठ व शाळा होती. तेथे शास्त्र शिकावयास दुरून विद्यार्थी येत. किराकोस हा त्यांपैकीच एक. 1236 मध्ये मंगोल फौजा त्या प्रांतात उतरल्या आणि हे गुरुशिष्य त्यांच्या हाती सापडले. मंगोलांस पत्रे लिहिणारा व वाचणारा हवा होता, म्हणून त्यांनी किराकोसास आपल्या लिखापढीच्या कामास जुंपले. महिनोगणती त्यांना त्या तळांबरोबर फिरावे लागले. अखेरीस गाग किल्ल्याच्या ख्रिस्ती लोकांनी 80 दहेकन नाणी मोजून वृद्ध गुरूंस सोडवून घेतले. शिष्यास मात्र मंगोलांनी सोडले नाही. त्याची त्यांना गरज होती. त्याच रात्री तो निसटून गेला.

1241 मध्ये या किराकोसाने आपल्या लोकांचा इतिहास लिहावयास घेतला. ज्यांनी त्याला बंदी केले त्या मंगोलांचे रूप, त्यांच्या चालीरीती, एवढेच नव्हे तर त्यांच्या भाषेतील पन्नासांवर शब्दही त्याने अर्थासह टिपून ठेवले. ज्याच्या हातून दुःख भोगले त्याचे वर्णन इतक्या थंड डोक्याने लिहिणे सोपे नाही. आता यातील मर्म ऐका. गुरू वनाकान यांनीही त्या स्वारीचा इतिहास लिहिला होता. तो ग्रंथ नष्ट झाला. आज त्याची एकही प्रत कोठे नाही. वनाकान यांना जग ओळखते ते किराकोसामुळे आणि वार्दान या त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्यामुळे. गुरूने लिहिलेले गेले, शिकविलेले राहिले. ऋद्धिपूर आणि खोरानाशात यांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आपल्या घरचेही एक उदाहरण आहे, ते थोडक्यात सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय 1579 मध्ये गोव्यास आले आणि मराठी ओवीत त्यांनी 'क्रिस्तपुराण' रचिले. ते 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले; 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांच्या भाषेविरुद्ध हुकूमही काढला. तरी कुटुंबांनी ओव्या हाताने उतरून घेतल्या आणि उपासकाळात त्या गाइल्या. त्या हस्तलिखितांवरूनच 1907 मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापता आला. छापखान्यास जे राखता आले नाही ते घरांनी राखिले.

असो. आता मुकुटबनाकडे परत येऊ. आपल्यावर कोणाची धाड येणार नाही, अशी आशा करू. तथापि आमच्या धर्मशिक्षकांस न्यावयास कोणतीही फौज लागली नाही. आमचा आळस पुरेसा झाला. पैनगंगेच्या अलीकडे व पलीकडे, वणीच्या बाजूस, पोडांवर, अजून अशी माणसे आहेत की ज्यांनी पहिली मिसा पाहिली, ज्यांच्या आयांनी त्या दिवशी वेदीकरिता घरातले लुगडे काढून दिले असेल. असेल, असे आम्ही म्हणतो, कारण आम्ही विचारलेले नाही.

समितीच्या संमतीने आम्ही एक कोरी, जाड पुठ्ठ्याची वही आणली आहे. येत्या रविवारपासून मिसा आटोपल्यावर आम्ही देवळाच्या व्हरांड्यात ती घेऊन बसू. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी आम्ही जाऊ, आणि वेचणीचे दिवस असतील तर तासाच्या कडेने चालू. आपण जे स्वतः पाहिले ते 'पाहिले' म्हणून सांगावे; ऐकले असेल तर कोणाकडून, ते सांगावे. दोघांचे जुळले नाही तर भांडू नये, दोन्ही लिहून घेऊ. कोणी कोलामीत सांगेल, कोणी तेलुगूत. त्या भाषा जाणणारी मुले आम्ही सोबत घेतली आहेत. सुधारून, सजवून सांगण्याची आवश्यकता नाही. जे लिहिले जाईल ते महिन्याच्या शेवटच्या रविवारी सर्वांसमोर वाचून दाखवू, म्हणजे ज्याला अधिक ठाऊक असेल तो जागच्या जागी चूक काढील. आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना त्यांतील निदान एक-एक प्रसंग तोंडपाठ करावयास देऊ, हे आम्ही आताच सांगून ठेवतो. त्यांनी कुरकुर करू नये.

वहीची पहिली पाने आम्ही त्या वृद्ध धर्मशिक्षकांकरिता मोकळी ठेवली होती. ती तशीच कोरी राहतील, असे आम्हांस वाटत होते. परवा त्यांच्या पत्नी आल्या आणि म्हणाल्या की, पोडावर जाताना पुष्कळ वेळा मीही बरोबर असे. तुम्ही मला कधी विचारलेच नाही. येत्या रविवारी प्रथम त्या बसणार आहेत.